एकटीनं आयर्लंड

सप्टेंबरमध्ये लेक युनिव्हर्सिटीत गेली आणि आमचं ब्रिस्टलचं घर अचानक मोठं वाटायला लागलं. नवऱ्याला सुट्टी नव्हती, माझी आठ दिवसांची रजा शिल्लक होती. जानेवारीच्या टॅक्स रिटर्न्सची धावपळ सुरू झाली की आम्हा अकाउंटंट लोकांना कुणी विचारत नाही. म्हणून आत्ताच गाडी काढली. होलिहेडहून फेरीनं डब्लिन, येताना रॉसलेअरहून फिशगार्ड. "एकटी?" हा प्रश्न इथल्या आणि मिरजेच्या मिळून सगळ्यांनी विचारला. हो, एकटी. कुणाला भूक लागलेली नाही, कुणाला बाथरूमला जायचं नाही, संग्रहालयातली प्रत्येक पाटी वाचता येते. करून बघा.

पहिल्यांदा न्यूग्रेंज. सुमारे ५,२०० वर्षांपूर्वीचं, पिरॅमिडच्याही आधीचं. डिसेंबरमधल्या सर्वांत लहान दिवसांत सूर्योदयाचा किरण दारावरच्या झरोक्यातून थेट आतल्या दालनात पोचतो. गाइड रंगात येऊन सांगत होता आणि मला कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवत होता.

खरी थांबले ती स्ट्रोक्सटाउनला. रॉसकॉमन परगण्यातल्या जमीनदाराच्या जुन्या वाड्यात आयर्लंडच्या दुष्काळाचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याचं पीक गेलं, सुमारे १० लाख माणसं मेली, त्याहून जास्त देश सोडून गेली. १८४१ साली या बेटावर ८० लाखांवर लोक होते, तो आकडा आजही परत गाठलेला नाही. आणि त्या वर्षांतही धान्य बाहेर जात होतं. १८७६-७८ च्या दुष्काळात आपल्याकडूनही जातच होतं, त्यामुळे मला आश्चर्य वाटलं नाही, संताप आला.

पण माझं डोकं अडकलं ते हिशोबात. ४ पौंड किंवा त्याहून कमी मूल्याची जमीन कसणाऱ्या कुळांचा गरीब-कर जमीनमालकालाच भरावा लागे. म्हणजे कुळं जितकी गरीब, तितका मालकाला भुर्दंड. स्ट्रोक्सटाउनच्या कारभाऱ्यानं गणित मांडलं: या लोकांना वर्कहाऊसमध्ये पोसायचा खर्च एवढा, कॅनडाला पाठवायचा खर्च एवढा. पाठवणं स्वस्त पडत होतं. मे १८४७ मध्ये १,४९० माणसं कालव्याच्या काठानं डब्लिनपर्यंत चालत नेली, तिथून लिव्हरपूल, मग क्वेबेकची जहाजं. शेकडो माणसं त्या प्रवासात संपली. त्याच नोव्हेंबरमध्ये मालक मेजर माहोन याला गोळी घालून मारलं. त्या वाटेवर आता जागोजागी लहान मुलांचे ब्रॉन्झचे बूट ठेवलेत.

असे तक्ते मीही करते. डावीकडे एक पर्याय, उजवीकडे दुसरा, खाली फरक. त्या कारभाऱ्याचा तक्ता कुठल्याही ऑडिटमध्ये पास झाला असता. त्या रात्री जेवण गेलं नाही.

मग खाली दक्षिणेला, अहाकिस्ता. कॉर्क परगण्यातलं समुद्रकाठचं एवढंसं गाव. २३ जून १९८५ रोजी कॅनडाहून दिल्ली-मुंबईकडे निघालेलं एअर इंडियाचं 'कनिष्क' विमान बॉम्बस्फोटानं याच किनाऱ्यापलीकडे समुद्रात पडलं. ३२९ जण गेले. कॅनडातल्या शाळांना उन्हाळ्याची सुट्टी लागत होती, कितीतरी कुटुंबं मुलांना आजी-आजोबांकडे घेऊन निघाली होती. आपण दर वर्षी करतो तेच. अर्ध्याहून जास्त जणांचे देह मिळालेच नाहीत. स्मारक म्हणजे एक सूर्यघड्याळ, समोर पाणी. मी गेले तेव्हा दुसरं कुणी नव्हतं. आपल्या ओळखीची आडनावं वाचताना मोठ्यानं उच्चारली, का ते माहीत नाही.

तिथल्या बी-अँड-बीच्या बाईंनी महाराष्ट्र म्हटल्यावर लगेच लिओ वराडकरांचं नाव घेतलं. त्यांच्या वडिलांचं गाव मालवण तालुक्यातलं वराड, हे मी त्यांना सांगितलं. आपल्याला तेवढाच मान.

शेवटी कोव्ह बंदर, जुनं नाव क्वीन्सटाउन. १८४८ पासूनच्या शंभर वर्षांत इथून सुमारे २५ लाख आयरिश देशाबाहेर गेले. धक्क्यावर ॲनी मूर आणि तिच्या दोन धाकट्या भावांचा पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कचं एलिस आयलंड उघडलं, तेव्हा तिथून पहिली आत गेली ती हीच. तिचे आईवडील आधीच तिकडे पोचले होते. तिथेच 'अमेरिकन वेक'बद्दल वाचलं. माणूस अमेरिकेला निघायच्या आदल्या रात्री घरात मयताला जागतात तसं जागायचे, कारण तो पुन्हा दिसणार नाही हे ठरलेलंच.

संध्याकाळी बंदरावरून आईला फोन केला, तिला हे सांगितलं. "अगंबाई, जिवंत माणसाचं?" म्हणाली. मग थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाली, "तुम्ही पिल्लूला घेऊन २००८ ला गेलात ना, त्या दिवशी मुंबईहून घरी आल्याबरोबर मी पाळणा माळ्यावर टाकायला लावला. बाबा म्हणत होते, राहू दे, येतील सुट्टीत. मला तो समोर नको होता."

सतरा वर्षांत हे ती कधी बोलली नव्हती. लेकीची खोली मी अजून आवरलेली नाही, तेही मी तिला सांगितलं नाही. पावसाचं बोललो, गुडघ्याचं बोललो.

जाणार असाल तर: पासपोर्ट भारतीय असेल तर यूकेचं आयएलआर असूनही आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो. गाडीचा इन्शुरन्स तिकडे चालतो का ते आधी विचारा. वेगमर्यादा किलोमीटरमध्ये असते, आपली गाडी मैल दाखवते. आणि अहाकिस्ताचा रस्ता फार अरुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर गाडी मागे घ्यायची तयारी ठेवा.