माऊ घरात येते तेव्हा

घाटनांदुरात मांजर कुणी विकत आणत नाही. शेजारची भाटी व्याली की निरोप जातो, "काकू, एक पिल्लू आमच्यासाठी राखून ठेवा." कारण बहुधा उंदीर. सोयाबीन निघालं की पोती वसरीपर्यंत येतात, मागून तूर, मग ज्वारी, आणि रात्री पोत्यांमागं खुडबुड सुरू होते.

पिल्लाआधी त्याची आई बघावी. ती पायात घोटाळणारी असेल तर पिल्लं निम्मी माणसाळलेलीच. कडब्याच्या गंजीत वाढलेली पिल्लं गोंडस असतात, पण दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात माणसाचा हात लागला नाही, तर माणसाची भीती पुढं सहजी जात नाही.

निवडताना उभ्यानं वाकून उचलू नये. खाली बसावं, हात जमिनीवर ठेवावा आणि थांबावं. मागं सरून, जरा अंदाज घेऊन जे पुन्हा बोटं हुंगायला येतं, ते माझ्या पसंतीचं. मग डोळे बघावे, चिपडं नकोत. कानात चहाच्या चोथ्यासारखी काळी घाण दिसली तर गोचिडीसारखे बारीक किडे असतात, उपचार लागतो. अंग काटकुळं आणि पोट तेवढं टम्म असेल तर जंत.

केशरी पिल्लं बहुधा बोके निघतात, तिरंगी जवळजवळ नेहमीच भाट्या. काळं पिल्लू मात्र शेवटपर्यंत पडून राहतं, केवळ मांजर आडवं जाण्याच्या भीतीपायी. त्या पिल्लाचं मला फार वाईट वाटतं. माझा आग्रह आहे, आधी त्यालाच हात लावून बघा.

"डोळे उघडलेत, न्या आता," असं सर्रास म्हणतात. डोळे तर आठवड्या-दोन आठवड्यांतच उघडतात! निदान दोन महिने त्याला आईजवळ राहू द्यावं. किती जोरात चावायचं, नखं कधी आत घ्यायची, हे ते भावंडांशी झोंबतानाच शिकतं.

घरी आणल्यावर सगळं घर दाखवायची घाई नको. एकच खोली द्यावी. आडवं ठेवलेलं खोकं, त्यात आईच्या अंगाखालचं फडकं. एका कोपऱ्यात खाणं-पाणी, लांबच्या कोपऱ्यात वाळूचं घमेलं. पोत्यांमागं दडलं तर ओढून काढू नये, पोरांनाही आवरावं. रात्री रडेल. हळू आवाजात बोलावं, पण अंगावर धावून जाऊन कुरवाळू नये. भुकेनं आणि कुतूहलानं ते आपणच बाहेर येतं.

दूध-भाकर ही आपली रीत. पण दूध सुटलेल्या पिल्लाला गाई-म्हशीचं दूध नीट पचत नाही, हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला हगवण फार महागात पडते. मांजर मूळचं मांसाहारी. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो. तो कमी पडला की डोळे आणि हृदय बिघडतं. शिजवलेली कोंबडी द्यावी, त्यात मीठ, कांदा, लसूण नको. घरात मांस चालत नसेल तर पिल्लांचं तयार खाद्य आणावं.

मांजर आणायच्या आधी उंदराचं औषध घरातून काढावं. विषानं झिंगलेला उंदीर सहज हाती लागतो, तो खाल्ला की मांजरही जातं. ताप वाटला म्हणून आपली पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. एक गोळीसुद्धा त्याचा जीव घेते.

पिल्लू आणल्या आणल्याच पशुवैद्याला जंताचं औषध विचारून घ्यावं. दोन महिन्यांपासून लसी सुरू होतात, रेबीजची तीन महिन्यांनंतर. गावाजवळ मांजराच्या लसी मिळाल्या नाहीत, तर उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि उदगीर आपल्याच परळी-विकाराबाद रेल्वेमार्गावर आहे. झाकणाची टोपली घेऊन निघावं. पिल्लानं चावलं, ओरखडलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि माणसाच्या दवाखान्यात जावं. भाटी असेल तर पाचव्या महिन्याच्या सुमारास नसबंदीचं विचारावं. सहा महिन्यांची होईतो ती स्वतःच गाभण राहू शकते.