हार्ड डिस्क बदलताना

मागच्या दिवाळीत चकलीचा सोऱ्या फिरवत असताना आतल्या खोलीतून टकटक असा आवाज आला. पाल चुकचुकावी तसा, पण जरा कोरडा. जाऊन पाहिलं तर माझा लॅपटॉप. पडद्यावर निळं वर्तुळ फिरत होतं आणि काही केल्या थांबत नव्हतं. बंद करून पुन्हा चालू केला, चालला. मी म्हटलं पंख्यात कचरा अडकला असेल, आणि चकल्यांकडे वळले. त्या दिवशीच शहाणपण सुचलं असतं तर पुढचा बराच जीवाचा घोर वाचला असता.

हा लॅपटॉप मी २०१४ साली घेतला, तेव्हा मी नोकरीत होते. सुरत महापालिकेच्या मराठी शाळेत गणित शिकवायचे. इथे महापालिकेच्या मराठी माध्यमाच्या शाळा आहेत हे आपल्याकडच्या लोकांना सांगितलं की अजूनही नवल वाटतं. वास्तविक उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत नंदुरबार, धुळे, जळगावकडची माणसं इतकी आहेत की भाजीवाल्याशी घासाघीससुद्धा अहिराणीतून होते.

"मावशी, बारा वर्षांचं मशीन. फेकून द्या, नवीन घ्या," असं शेजारच्या मुलाने लगेच सुनावलं. फेकायला हरकत नव्हती. प्रश्न आत काय आहे त्याचा होता.

ऑगस्ट २००६ मध्ये आम्ही अडाजणला तळमजल्यावर भाड्याने राहत होतो. राखीपौर्णिमा दोन दिवसांवर आली होती. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. जे हाताला लागलं ते घेऊन आम्ही वर शेजाऱ्यांकडे गेलो. हाताला काय लागलं तर गॅसची शेगडी, पिठाचा डबा आणि मुलीचं दप्तर. लोखंडी कपाट खालीच राहिलं. पाणी ओसरल्यावर त्याचं दार पहारीने उघडावं लागलं. आत चिखल आणि चिखलात आमचे चार अल्बम. फोटो एकमेकांना चिकटून त्यांची वीट झाली होती. एक सोडवायला गेले तर माझ्या लग्नातल्या वडिलांचा चेहरा बोटाला लागून आला.

त्यानंतर दोन वर्षं मी नातेवाइकांच्या मागे लागले. नंदुरबारची आत्या, शहाद्याचे मामा, दोंडाईच्याची चुलत बहीण, ज्याच्या घरी आमचा म्हणून जो फोटो होता तो मागून आणायचा, स्कॅन करून घ्यायचा आणि परत नेऊन द्यायचा. आईने तर देवघरामागचा वडिलांचा एकुलता एक तरुणपणीचा फोटो हातात देताना तीनदा बजावलं होतं. असे सहाशेच्या वर फोटो जमले. पुढे २००९ च्या श्रावणात नंदुरबारला भावाकडे कानबाईच्या रोटाला गेले, तेव्हा आईला बसवून तिची गाणी रेकॉर्ड केली. कानबाईची, जात्यावरची, लग्नातली हळदीची. अकरा गाणी. आई २०१२ मध्ये गेली. तिचा आवाज म्हणून जगात जे काही होतं, ते या टकटकणाऱ्या डब्यात होतं.

तुम्ही म्हणाल, दुसरी प्रत नव्हती का काढली? काढली होती ना! डीव्हीडीवर. आता घरात डीव्हीडी लावायला यंत्र नाही, आणि शेजाऱ्याच्या जुन्या यंत्रात लावून पाहिली तर ती नुसती घरघरली. प्रत काढून ठेवली की आपण निर्धास्त होतो आणि ती उघडून पाहायचं विसरतो. पापडाचा डबा आपण उन्हाळ्यात दोनदा उघडून बघतो, पण हे नाही.

पहिल्या दुकानात गेले. त्याने लॅपटॉप चालू केला, आवाज ऐकला आणि म्हणाला, "मासी, फॉर्मॅट मारी आपुं, पाचशे रुपिया." मी विचारलं, आतल्या फायली? तो म्हणाला, "ते जातील." इतक्या सहज म्हणाला की बस चुकली तरी माणूस जास्त हळहळतो. मी लॅपटॉप उचलला आणि बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर हात थरथरत होते.

दुसरं दुकान मजुरा गेटकडे. काउंटरवरचा मुलगा लिंबायतचा, मूळचा साक्रीकडचा निघाला. त्याने आधी लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, "काकू, आता याला घरी चालू करायचा नाही. एकदाही नाही." मग खालचे स्क्रू काढून डिस्क हातावर ठेवली. पत्त्याच्या जोडाएवढी! हिच्यात आमचं सगळं घर.

त्याने जे सांगितलं ते मला शिक्षिका म्हणून फार आवडलं. आत आरशासारखी चकती असते, ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते. तिच्यावरून एक बारीकशी सोंड मजकूर वाचत जाते, पण चकतीला टेकत नाही. मधलं अंतर इतकं कमी की माणसाचा केस त्याच्या हजारो पट जाड भरेल. सोंडेला वाचता आलं नाही की ती मागे जाते, पुन्हा येते, पुन्हा मागे जाते. टकटक ती हीच. आणि आपण बंद-चालू करत राहिलो की चकती आणखी खरवडली जाण्याची भीती.

तेव्हा आधी प्रत, मग नवी डिस्क. तो म्हणाला, प्रत काढणारा प्रोग्रॅम आधी सहज वाचता येतं तेवढं सगळं उचलतो, जिथे अडतं तिथे हटून बसत नाही, पुढे जातो आणि अडलेलं शेवटी पुन्हा करून बघतो. मला हसूच आलं. तीस वर्षं परीक्षेच्या आदल्या दिवशी मी मुलांना हेच सांगत आले: येतात ती गणितं आधी सोडवा, अडलं तिथे घोटाळत बसू नका.

प्रत निघायला दोन रात्री लागणार होत्या. तोवर नवी डिस्क कोणती घ्यायची ते ठरवायचं होतं. त्याने काउंटरवर तीन मांडल्या.

पहिली तशीच फिरणारी, एक टीबीची. दुसरी एसएसडी, हिच्यात फिरणारं काहीच नाही, सगळं चिपांमध्ये. तिसरी फिरणारीच, पण निम्म्या किमतीत. निम्म्या किमतीत म्हटल्यावर मध्यमवर्गीय कान टवकारतातच. मी विचारलं, हिच्यात खोट काय? मुलगा प्रामाणिक होता. त्याने ती त्याच्या मशीनला लावून दाखवली. डिस्क आजवर किती तास चालली याची नोंद तिच्या पोटातच असते. या 'नव्यासारख्या' डिस्कची नोंद होती एकवीस हजार तास. वर्षाचे तास ८७६०. म्हणजे जवळजवळ अडीच वर्षं रात्रंदिवस दळलेली. खराब होऊन बाद ठरवलेल्या जागांचा आकडाही तिथेच दिसतो, तो शून्य हवा, हिचा नव्हता. जुनी डिस्क कुणी नवी म्हणून गळ्यात मारत असेल तर हे दोन आकडे तेवढे दाखवायला सांगा.

राहिल्या दोन. मी पट्टी घेऊन मापं घेतली, सवय जात नाही. लॅपटॉपच्या डिस्का अडीच इंची म्हणतात खऱ्या, पण जाडीत फरक असतो. माझी जुनी साडेनऊ मिलिमीटरची, एसएसडी सात मिलिमीटरची. पातळ डिस्क जाड खाचेत बसते, जरा हलते, म्हणून तिच्याबरोबर चौकट घालतात. उलटं मात्र होत नाही. आणि जोडणीची पिन एकच हवी. माझ्या लॅपटॉपला 'साटा' पिन आहे. नव्या लॅपटॉपमध्ये च्युइंगगमच्या पट्टीसारख्या एसएसडी येतात, त्या माझ्यात बसणाऱ्या नव्हत्या. म्हणून दुकानात जाताना जुनी डिस्क पर्समध्ये असलेली बरी. ब्लाउजपीस घ्यायला साडी नेतो तसं.

एक गंमत आणखी. पाचशे जीबीची डिस्क घरी आणून लावली की लॅपटॉप ४६५ दाखवतो आणि माणूस दुकानदाराला शिव्या देतो. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. मापटं वेगळं, धान्य तेवढंच.

महागाईवरून मुलगा म्हणाला की या धंद्यात भाव कशाने चढतील ते सांगता येत नाही. २०११ मध्ये थायलंडला मोठा पूर आला, वेस्टर्न डिजिटलचा तिथला कारखाना पाण्यात गेला आणि इथे सुरतेत डिस्क मिळेना, मिळाली तर भलत्याच भावाने. मी गप्प झाले. पुरात वाहून जाऊ नये म्हणून आपण जिच्यात सगळं ठेवलं, तिचाही जन्म पुराच्या पट्ट्यातच.

फिरणारी की न फिरणारी? एसएसडी वेगवान आहे, पडली-धडपडली तरी सहसा टिकते. माझ्याकडे नातू येतो, म्हणजे पडणं-धडपडणं गृहीतच. पण मुलाने दुसरी बाजूही सांगितली. फिरणारी डिस्क बहुधा आजारी पडून, कण्हत-कुंथत जाते, आपल्याला सावध करते. एसएसडी कधी कधी आवाज न करता एका क्षणात जाते, आणि तिच्यातून पुसलेलं परत काढणं फार अवघड. शिवाय वीज न देता वर्षानुवर्षं कपाटात ठेवली तर तिच्यातला मजकूर विरण्याचा धोका असतो. म्हणजे रोजच्या रांधण्याला ती उत्तम, साठवणीला नव्हे. म्हणून मी लॅपटॉपमध्ये एसएसडी बसवली आणि साठवणीसाठी बाहेरून जोडायच्या दोन फिरणाऱ्या डिस्का घेतल्या. एक सुरतेला माझ्याजवळ, एक नंदुरबारला भावाकडे. मुलगी म्हणाली, सगळं इंटरनेटवर चढवू. तेही केलं, पण फुकटची जागा १५ जीबी, तिच्यात जेवढं मावलं तेवढं. एकाच घरात, एकाच कपाटात सगळं ठेवायचं नाही, हे मला तापीने शिकवलेलं आहे.

मुलाने जाताना आणखी एक सांगितलं. या लॅपटॉपवर विंडोज १० च चालतं आणि मायक्रोसॉफ्टने त्याची देखभाल ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबवली, तेव्हा बँकेचे व्यवहार यावर नकोत. नाहीच करत. मी त्यावर फोटो बघते आणि पत्रं लिहिते.

तिसऱ्या दिवशी फोन आला. फोटो सगळे निघाले, एकोणीस सोडून. गाणी अकरापैकी नऊ. उरलेल्या दोनांतलं एक भाच्याच्या जुन्या फोनमध्ये सापडलं, मीच कधीतरी पाठवलेलं होतं. दुसरं हळदीचं. ते गेलं. कुणाला ते पूर्ण येतं का म्हणून मी आत्याला, मामींना, सगळ्यांना फोन करून पाहिलं. प्रत्येकीला पहिल्या दोन ओळी येतात, पुढे "तुझ्या आईलाच यायचं ते" म्हणतात.

डिस्क घेऊन मी गाडीने नंदुरबारला गेले. स्टीलच्या डब्यात, सुती कापडात गुंडाळून, मांडीवर. नवापूर स्टेशन आलं. तिथला तो बाक तुम्हाला माहीतच आहे, अर्धा गुजरातेत, अर्धा महाराष्ट्रात. दोन तरुण पोरी त्यावर मधोमध बसून फोटो काढत होत्या. मनात म्हटलं, बायांनो, एक प्रत आईकडेही द्या.

भावाकडे कॉम्प्युटर नाही. पण त्याच्या टीव्हीला मागे जोडायची सोय होती. आम्ही डिस्क लावली, यादी पडद्यावर आली आणि कानबाईचं पहिलं गाणं सुरू झालं. भाऊ भिंतीला टेकून बसला होता, तो सरळ झाला. गाणं मध्यावर आलं आणि आईच्या आवाजामागे कुकरची शिट्टी झाली. २००९ ची शिट्टी, मला माहीत होती. वहिनी मात्र झटकन उठली आणि "अगं बाई, वरण!" म्हणत आत गेली. गॅस बंदच होता.