दोनदा फसणारी माशी

चि. निखिल,


तुझं पाकीट मिळालं. फोटो कागदावर छापून पाठवलास हे फार बरं केलंस. फोनवर बोटांनी मोठं करत बसलं की फुलाचा एकेक तुकडाच हाती लागतो. फूल लगेच ओळखलं. कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया. कुठे कुठे त्याला खरपुडीही म्हणतात. फोकस नेमका बसलाय, पाकळीच्या काठावरची लव वेगळी दिसते. पण प्रदर्शनासाठी त्याखाली ‘सह्याद्रीतलं कीटकभक्षी फूल’ अशी जी ओळ लिहिली आहेस, ती खोडून टाक. हे फूल कीटक पकडतं खरं, पण खात नाही.

कीटक खाणारा वेगळा. पावसाळ्यात सड्यांवरच्या ओल्या मातीत दवबिंदू उगवतो, ड्रोसेरा. त्याच्या पानांवरच्या चिकट केसांत कीटक अडकतो, पान तो पचवतं आणि निकस जमिनीत न मिळणारं नत्र असं मिळवतं. तिथे सापळा पानाचा आणि प्रश्न पोटाचा. कंदीलपुष्पाची पानं साधी हिरवी असतात; त्यांनी उन्हावर केलेलं अन्न जमिनीखालच्या कंदात साठतं. इथे सापळा फुलात आहे आणि त्याला माशी जिवंत हवी असते.

तुझ्याच फोटोत बघ. वर पाच पाकळ्या, टोकांना जुळलेल्या, मधे झरोके. वासाने आलेली बारकी माशी तिथे बसते आणि निसरड्या कडेवरून आत घसरते. खाली अरुंद नळी, तिच्यात खालच्या दिशेने रोखलेले ताठ केस. जाताना ते वाट देतात, परतताना अडवतात. तळाशी फुगीर कोठडी, जी तुझ्या फोटोत आलेली नाही. ही वनस्पती रुईच्या कुळातली, त्यामुळे पराग भुकटीसारखे सुटे नसतात. त्यांचे मेणचट पुंजके जोडीने असतात आणि त्या जोडीला एक बारीकशी पकड असते. कोठडीत चाचपडणाऱ्या माशीची सोंड फटीत शिरली की ती पकड चिमट्यासारखी सोंडेला बसते. पुढे नळीतले केस कोमेजतात, अनेक जातींत ताठ उभं असलेलं फूल कलतं, आणि माशीची सुटका होते. श्टेफान फोगेल या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९६१ मध्ये या फुलांची ही करामत तपशिलात मांडली.

वासाची गोष्ट तर याहून चमत्कारिक. दक्षिण आफ्रिकेतल्या सेरोपेजिया सँडरसोनी या जातीवरचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या फुलाचा वास जखमी मधमाशीच्या वासाशी जुळतो. कोळ्याने मधमाशी पकडली की तिच्या अंगातून पाझरणारा रस चाखायला डेस्मोमेटोपा प्रजातीच्या चिमुकल्या माश्या धावतात. फूल नेमका तोच वास सोडतं. मेजवानीला म्हणून आलेल्या माश्या कोठडीत जाऊन पडतात.

आता फोटोविषयी. एकास एक प्रमाणात, म्हणजे सेन्सरवर फूल आहे तेवढंच उमटेल इतक्या जवळ गेलास, म्हणून फूल अर्धवट आलं. छत्तीस मिलिमीटर रुंदीच्या सेन्सरवर चार-पाच सेंटिमीटरचं फूल मावणार कसं? नळी मधेच कापली गेली, कोठडी चौकटीबाहेर राहिली. शिवाय एफ ११ ठेवलं तरी त्या प्रमाणात फोकसची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास असते. अर्ध्या प्रमाणावर ये. जाडी चारेक मिलिमीटर मिळेल आणि अख्खं फूल बसेल. समोरून फ्लॅश मारू नकोस. सकाळचं कोवळं ऊन फुलाच्या मागून येऊ दे. कोठडीची भिंत पातळ असली तर आतल्या माशीची हलती सावली बाहेरून दिसते. आत काय आहे ते बघायला फूल चिरायचं मात्र नाही. ज्या झाडाला एका पावसाळ्यात मोजकीच फुलं येतात, त्याच्या एका शेंगेची शक्यता आपण फोटोपायी संपवायची नसते.

दुसरं, जागेचं नाव. फूल सापडलं त्या गडाचं नाव फोटोखाली घालू नकोस, फोटोत आपोआप नोंदवलेलं ठिकाणही काढून टाक. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती सह्याद्रीच्या मोजक्या डोंगरांवरच आहेत. सेरोपेजिया अंजनेरिका नाशिकजवळच्या अंजनेरीची, तिची शास्त्रीय नोंद झाली ती थेट २००६ मध्ये. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या उद्यानात या प्रजातीच्या जाती जतन केल्या जातात, ते उगाच नाही. कंद खाण्याजोगा असल्यामुळे माणूस उकरतो, रानडुक्कर उकरतं; त्यात फोटोवाल्यांच्या बुटांची भर नको.

आणि माझी खरी मागणी. जवळ जायला लेन्स पुरते, पण या फुलाची गोष्ट एका क्षणात मावत नाही. एकाच फुलाचे दोन फोटो हवेत, एक ताठ असताना आणि एक कललेलं. तेवढा वेळ डोंगरावर काढ. मग सुटलेल्या माशीच्या मागे लाग. तिच्या सोंडेवर पिवळसर ठिपका दिसला तर तो फोटो पहिल्या दोन्हींपेक्षा मोठा कर. कारण कैद झाली, सुटकाही झाली, तरी झाडाचं काम अजून अर्धंच आहे. ती माशी पुन्हा तशाच दुसऱ्या फुलात पडली, तरच बी धरणार. एकदा फसलेली माशी शहाणी झाली तर या झाडाचा वंश खुंटेल. म्हणून तिला मारून चालत नाही आणि फार छळूनही चालत नाही. इतकी मोजून केलेली फसवणूक मी तरी माणसांत पाहिली नाही. प्रदर्शनात लोकांना हे दिसू दे. ‘कीटकभक्षी’ म्हटलं की ते शहारतील आणि पुढच्या फोटोकडे वळतील.

तारीख ठरली की कळव, म्हणजे मी येईन. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्ट चालू आहे का तेवढं आधी विचारून ठेव. ताईला आठवण सांग.

तुझी,
मावशी