देवमाशाच्या गावाला पायी पायी

दोस्तांनो, पंढरीची वारी तुम्हाला ठाऊक आहेच. स्पेन देशातही अशीच एक पायी यात्रा आहे. सांतियागो शहरात सेंट जेम्सचं मोठं चर्च आहे. हजार वर्षांहून अधिक काळ लोक तिथे चालत जातात. जाणाऱ्या वाटा अनेक. त्यातली एक उत्तरेच्या समुद्राकाठाने जाते. आज या वाटेवरचा एक दिवस आपण चालू या. सकाळी सॅन सेबास्टियन शहरातून निघायचं आणि संध्याकाळी गेतारिया या कोळ्यांच्या गावी पोचायचं. अंतर पंचवीसएक किलोमीटर. चला, पाण्याची बाटली भरून घ्या!

वाट चुकायची भीती नाही. दगडांवर, खांबांवर, भिंतींवर पिवळे बाण रंगवलेले आहेत. वारकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, तसा इथल्या यात्रेकरूच्या पाठपिशवीला शिंपला. वाटेत भेटेल तो म्हणतो, "बुएन कामिनो!" म्हणजे, तुमची वाट सुखाची होवो. तुम्हीही म्हणा की!

शहर संपलं की इगेल्दो डोंगराची चढण. दम लागतो बरं का! उजव्या हाताला खोल खाली बिस्केचा उपसागर, डावीकडे हिरवीगार कुरणं. इथला पाऊस पावसाळ्याची वाट बघत नाही, वर्षभर केव्हाही येतो. तेव्हा रेनकोट हवाच.

दुपारी आपण उतरतो ओरिओ गावात. नदीच्या तोंडाशी वसलेलं हे गाव. इथे जरा टेका, कारण एक गोष्ट ऐकायची आहे.

हा किनारा बास्क लोकांचा. शेकडो वर्षं हे दर्यावर्दी देवमाशांची शिकार करत. डोंगरावर टेहळ्या बसे. देवमाशाचा फवारा दिसला की तो इशारा करी आणि होड्या सुटत. देवमाशाच्या चरबीच्या तेलावर दिवे जळत, म्हणून त्याला मोठी किंमत. हे देवमासे सावकाश पोहत आणि मेल्यावर पाण्यावर तरंगत, त्यामुळे सहज सापडत. शिकारी कधी कधी आधी पिल्लालाच भाला मारत. का? आई पिल्लाला सोडून जात नसे, मग तीही हाती लागे.

असं करता करता देवमासे संपत आले. 1901 च्या मे महिन्यात एक देवमासा ओरिओजवळ आला. कोळ्यांनी त्यालाही मारलं. या किनाऱ्यावरची ती शेवटची शिकार. पुढे मारायला देवमासाच आला नाही!

उठा, निघू या. पुढे साराउत्स गाव आणि त्याची दोन किलोमीटरहून लांब पुळण. तिथून एक वाट द्राक्षांच्या मळ्यांतून वर चढते. माथ्यावर आलो की समोर समुद्रात शिरलेली टेकडी दिसते. नीट बघा, बसलेल्या उंदरासारखी दिसते ना? गावकरी तिला 'गेतारियाचा उंदीर'च म्हणतात!

आलं गेतारिया. पृथ्वीप्रदक्षिणा करणारा एल्कानो इथलाच. 1519 मध्ये मॅगेलनबरोबर पाच जहाजं निघाली. मॅगेलन वाटेत मारला गेला. 1522 मध्ये एल्कानोने एकच जहाज परत आणलं. त्यावर माणसं होती फक्त 18. गावातल्या जुन्या चर्चची फरशी चक्क उतरती आहे. आत गेलं की डुलणाऱ्या जहाजावर उभं राहिल्यासारखं वाटतं.

बंदरावर होड्या लागलेल्या असतात. खानावळींच्या दारात निखाऱ्यावर मासे भाजत असतात. भूक लागली ना? पण आधी गावाचं मानचिन्ह बघा. त्यावर आहे देवमासा! चिन्हावर तो राहिला, समोरच्या समुद्रातून मात्र गेला.

त्या जातीचे देवमासे आता अटलांटिकच्या पलीकडे, अमेरिकेच्या बाजूला उरले आहेत. चारशेहूनही कमी. आता त्यांना कुणी भाला मारत नाही, पण जहाजांची धडक बसते, मासेमारीच्या दोरांत ते अडकतात. म्हणून तिकडे काही ठिकाणी जहाजांना वेग कमी ठेवायला लावतात.

सांतियागो इथून सातशे किलोमीटरहून दूर आहे. यात्रेकरू उद्या पुढे निघतील. आपण मात्र बंदराच्या कट्ट्यावर घटकाभर बसू. काय सांगावं, एखादा फवारा दिसलाच तर? या वेळी टेहळ्या ओरडेल, पण होड्या सोडू नका हं!