श देठाचा की गाठीचा?

परवा शनिवारी संध्याकाळी आमची नात मुंबईहून आली. खांद्याला सॅक, हातात कागद ठेवायची ती लांबलचक नळी आणि वाडा रस्त्याची सगळी धूळ अंगावर. मी म्हटलं, "हातपाय धू, चहा टाकते." तर दारातच उभी राहून विचारते, "आजी, आपल्या गावाच्या नावात श आहे, हे कधी तुझ्या लक्षात आलंय का?"

आता मी तेहतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई. दिघाशीत श आहे हे मला कुणी सांगावं! मी म्हटलं, "आहे की. पुढे?"

"पुढे काही नाही. पण तो कुठला श आहे? देठाचा की गाठीचा?"

मी चहाचं आधण ठेवायला आत गेले, कारण उत्तर मला ठाऊक नव्हतं. पन्नास वर्षं या गावात राहते, अंबाडी नाक्यावरून हजार वेळा आले-गेले. पाट्या रोज वाचल्या, पण त्यांतली अक्षरं म्हणून कधी पाहिलीच नाहीत.

नात मुंबईच्या जे. जे.मध्ये उपयोजित कला शिकते, तिसऱ्या वर्षाला आहे. 'उपयोजित कला' म्हणजे काय, हे नातेवाईक मंडळी मला अजून विचारतात. मी पहिल्या वर्षी सांगत असे, "जाहिराती करायला शिकते." ते ऐकून ती चिडायची. आता सांगते, "लोकांना नीट वाचता यावं, नीट समजावं, नीट वापरता यावं, असं कागदावर आणि पडद्यावर मांडायला शिकते." हे तिच्याच तोंडचं वाक्य आहे. मी फक्त पाठ केलंय.

पहिलं वर्षभर ती घरूनच जात होती. पहाटे साडेचारला उठायची. नाक्यावरून भिवंडी, भिवंडीहून कल्याण, तिथून लोकलने शेवटचं स्टेशन, आणि मग थोडं चालणं. पावसाळ्यात कागद भिजू नयेत म्हणून आपली छत्री त्या नळीवर धरायची आणि स्वतः भिजायची. एकदा कंडक्टरने विचारलं, "ताई, यात बंदूक आहे का?" आता आठवडाभर मुंबईत खोली घेऊन राहते आणि शनिवारी घरी येते. झोप भरून काढायला येते असं म्हणते खरी, पण रात्री दोनला उठून पाहावं तर हिच्या खोलीत दिवा. एकच अक्षर वीस वेळा काढून ओळीने मांडलेलं असतं. मला वीसही सारखीच दिसतात. ती म्हणते, "सातवं बरं आहे, बाकी सगळी फेकायची."

तिच्या कॉलेजचा परिसर मी एकदा पाहून आले. मोठमोठी झाडं आणि दगडी इमारती. जे. जे. कलाशाळा सुरू झाली १८५७ साली. रुडयार्ड किपलिंगचे वडील तिथे शिकवायचे आणि किपलिंगचा जन्म त्याच आवारात १८६५ साली झाला. हे मला ठाऊक होतं. पण र. कृ. जोशी हे नाव ठाऊक नव्हतं, याची लाज वाटली. अक्षरांचा एवढा मोठा जाणकार माणूस, शिवाय कवी. २००८ साली ते गेले. विंडोजच्या संगणकावर 'मंगल' नावाचा देवनागरी फाँट असतो, तो त्यांनी केलेला. म्हणजे निवृत्तीनंतर मी एका बोटाने टाइप करायला शिकले, तेव्हा जे अक्षर वापरत होते ते कुणा माणसाच्या हातचं होतं! मला वाटायचं, ते यंत्रातच असतं.

तर त्या श ची गोष्ट. आपण मराठी माणसं पाटीवर जो श गिरवला, त्याला वर पानासारखा देठ असतो. हिंदी छपाईतल्या श ला वर गाठ असते. ल चंही तसंच. आपला पाकळ्यांचा आणि हिंदीचा उभ्या दंडाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ ला निर्णय काढून मराठीसाठी देठाचा श आणि पाकळीचा ल प्रमाण ठरवले. पण संगणकाला श एकच. तो कसा दिसणार, हे फाँट करणारा ठरवतो. पुष्कळ फाँट हिंदी डोळ्यांसमोर ठेवून केलेले असल्यामुळे आपल्या पुढ्यात गाठीचा श येतो. काही चांगल्या फाँटांमध्ये म्हणे दोन्ही रूपं भरलेली असतात. मजकूर मराठी आहे असं संगणकाला सांगितलं की तो आपला श काढून देतो. हे सांगायचे कष्ट मात्र कुणी घेत नाही. मंडळी, तुम्ही हे वाचताय तिथे श कसा दिसतोय, जरा चष्मा लावून बघाच.

नातीची मतं फार ठाम असतात. या वयात असावीतच. वारली चित्रांबद्दल तर बोलूच नका. प्लास्टिकच्या पिशवीवर नाहीतर हॉटेलच्या भिंतीवर ती त्रिकोणी माणसं दिसली की हिचा पारा चढतो. आमच्या या भागात ही चित्रं परकी नाहीत. लग्नघरी सवाशिणींनी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहायचा आणि मध्ये पालघट देवी. लिहायचा म्हणतात, काढायचा नाही. जिव्या सोमा मशे यांनी ती कला कागदावर आणून जगाला दाखवली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. नात म्हणते, "त्यांनी केलं ते मनापासून होतं. हे लोक नुसतं चिकटवतात. लग्नच नाही तर चौक कशाला?"

दुसरं मत आपल्या सर्व नातेवाइकांसाठी आहे, म्हणून मुद्दाम लिहिते. "जरा पत्रिका करून दे गं, पाच मिनिटांचं तर काम" असं तिला म्हणू नका. गेल्या वर्षात तिने घरातल्या चार पत्रिका आणि एका दुकानाचं बोधचिन्ह फुकट केलं, आणि प्रत्येक वेळी "नाव जरा मोठं कर, गणपती जरा मोठा कर" हेही ऐकलं. सगळंच मोठं केल्यावर मोठं काय राहिलं, हा तिचा प्रश्न मला तरी पटला.

असो. मूळ मुद्द्यावर येते. तिला कॉलेजात एक काम दिलंय. आपल्या परिसरातलं हाताने लिहिलेलं अक्षर शोधायचं, त्याचा अभ्यास करायचा आणि त्यावरून पूर्ण वर्णमाला तयार करायची. त्यासाठी ती दर रविवारी मोबाईल घेऊन आसपासच्या गावांत फिरते आणि जुन्या रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढते. पाट्या उरल्यात किती? फ्लेक्स आल्यापासून हाताने कोण रंगवतो? एखाद्या पिठाच्या गिरणीवर, बंद पडलेल्या किराणा दुकानावर, शाळेच्या भिंतीवरच्या सुविचाराखाली तेवढं ते अक्षर दिसतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर तिने मला फोटो दाखवले. एका गिरणीच्या पत्र्यावर लिहिलेलं 'दळण स्वच्छ आणून द्यावे, दिघाशी.' रंग उडालेला. पण तो शी! देठ असा वळवलेला की कोवळ्या वेलीचं टोक वाटावं. नात म्हणाली, "या माणसाचं अक्षर सगळ्यांत भारी आहे, आजी. आठ गावांत मिळालं. खाली नाव नाही कुठे. कोण असेल?"

मी चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं. मला ठाऊक होतं कोण ते.

साल १९८५ च्या आसपासचं. आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. वडील भिवंडीला यंत्रमागावर कामाला. मुलाचं अभ्यासात लक्ष नाही, पण वहीत प्रत्येक अक्षराला वेलबुट्टी. निबंध लिहायला दिला की ओळी दहा आणि नक्षी पानभर. दोनदा बजावलं. तिसऱ्यांदा वही पुढ्यात आली तेव्हा पहिल्या ओळीतल्या श ला त्याने पाने-फुले काढलेली होती. मी ते पान वर्गासमोर टरकन फाडलं आणि म्हटलं, "चित्रकलेचा तास वेगळा असतो." वर्ग हसला. मीही थोडी हसले असेन. पुढच्या वर्षी त्याने शाळा सोडली. माझ्यामुळेच सोडली असं नाही, घरची ओढाताण होती. पण मीही त्या कारणांत कुठेतरी आहे, हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या रात्री नातीला सांगितलं. ती काही बोलली नाही. नुसतं म्हणाली, "उद्या जाऊ या?"

गेलो. पलीकडच्या गावातच राहतो तो. केस पांढरे, पंचावन्नच्या घरात आलेला. मला पाहून उठला, पाया पडला. "बाई, तुम्ही?" बायकोने पाणी आणलं. नातीने लगेच मोबाईल काढून फोटो दाखवले, तर एकेका पाटीचं साल सांगू लागला. गिरणीची पाटी, दूध डेअरीची पाटी. सरळ रेघेसाठी खडू लावलेला दोरा ताणून कसा उडवायचा, ब्रशचे केस कसे कापायचे, ऊन लागून कुठला रंग आधी जातो, हे सगळं तो सांगत होता आणि आमची नात वहीत भराभरा लिहीत होती. माझ्या वर्गात त्याला मी इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. खरं म्हणजे बोलूच दिलं नव्हतं.

शेवटी मी विषय काढला. म्हटलं, "अरे, तुझं एक पान मी फाडलं होतं."

तो हसला. "आठवतंय ना बाई. पण तुमच्यापेक्षा फ्लेक्सने जास्त फाडलं. आता गोडाऊनवर रात्रपाळी करतो." मग जरा थांबला. "फाडलंत त्याचं काही नाही. फक्त तुम्ही ते वाचलं नव्हतं."

"काय लिहिलं होतंस?"

"आता नाही आठवत," तो म्हणाला.

यावर मी काय बोलणार? माफी मागितली. त्याने दोन्ही हात हलवले आणि "चहा घ्या, बाई" म्हणाला. चहा घेतला. साखर जास्त होती, तरी सगळा प्यायला.

निघताना नातीने त्याला आमच्या घराची पाटी रंगवायला सांगितली. संगमरवरी पाटी फुटल्यापासून घराला नाव नव्हतंच. पुढच्या रविवारी तो ब्रश घेऊन आला. पैशांचं काढल्यावर म्हणाला, "बाईंकडून कसले पैसे?" नातीने ऐकलं नाही. "काका, कामाचे पैसे घ्यायचेच," असं म्हणून आधीच त्याच्या हातात दिले. चार पत्रिका फुकट केल्यानंतर आलेलं शहाणपण!

अंगणात बसून त्याने दोन तासांत नाव रंगवलं. मी जवळच खुर्ची टाकून बसले होते. अक्षर म्हणजे काय, ते मला सत्तरी ओलांडल्यावर कळत होतं. पाटी पुरी झाली. मी चष्मा लावला आणि या वेळी आधी वाचलं.

'आशिर्वाद'.

ज्यांनी शाळेत शिकवलं आहे त्यांना माझी अवस्था कळेल. 'आशीर्वाद'ची ती दीर्घ वेलांटी मी तेहतीस वर्षं लाल शाईने दुरुस्त केली आहे. गप्प बसावं का? एकदा पान फाडलं, आता निदान पाटी तरी राहू द्यावी? नात माझ्याकडे बघत होती. तिलाही दिसलं होतं.

मग वाटलं, गप्प बसणं म्हणजे पुन्हा त्याचं न वाचण्यासारखंच. मी उठून त्याच्याजवळ गेले आणि हळू आवाजात म्हटलं, "अरे, अक्षर फार सुंदर झालंय. फक्त शी दीर्घ हवा. शब्द आशीः असा आहे, म्हणून."

त्याने पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोठ्याने हसला. "अजून मार्क कापता, बाई?" टर्पेंटाइनचं फडकं घेतलं, तेवढंच अक्षर पुसलं. पहिली वेलांटी डावीकडची होती, ती गेल्यावर श तेवढाच डावीकडे सरकवला आणि दीर्घ वेलांटी उजवीकडे दिली. जागा बरोबर जमली, केसभर इकडे-तिकडे नाही. नात म्हणाली, "काका, हे आम्हाला कॉलेजात शिकवायला या."

पाटी दारावर लागली आहे. ऊन तिरपं आलं की पुसलेल्या वेलांटीची फिकट खूण अजून दिसते. खालच्या कोपऱ्यात त्याचं नाव आहे. ते लिहायला तो तयार नव्हता, मी हट्ट धरला. कुणी घरी आलंत तर ते आवर्जून वाचा. पाटी रंगवून हवी असेल तर मला विचारा, मी त्याचा पत्ता देईन. पैसे मात्र आधी द्यायचे.

आणि हो, तो श देठाचा आहे.