गावरान आणि गावंढळ

मोशीहून चाकणकडे जाताना जेवणाच्या हॉटेलांच्या पाट्या पाहाव्यात. गावरान कोंबडी, गावरान अंडी, गावरान तूप. हा शब्द लागला की वस्तूचा भाव चढतो. त्याच गावावरून आलेला ‘गावंढळ’ माणसाला लागतो तेव्हा मात्र त्याचा भाव उतरतो. ही तफावत जुनी आहे. संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्य’ हा दोष मानला. इंग्रजांच्या ‘व्हल्गर’च्या मुळाशीही लॅटिनमधली सामान्य जनताच आहे. 1954 साली ॲलन रॉस या भाषाभ्यासकाने इंग्लंडमधल्या उच्चवर्गाची बोली तपासली. जेवताना मांडीवर घ्यायच्या रुमालाला खानदानी लोक साधं ‘नॅपकिन’ म्हणत, आणि ‘सर्व्हिएट’ हा नटवा फ्रेंच शब्द वापरणारा खालच्या थरातला ठरे. तिथे नाजूकपणाला किंमत नव्हती. माणूस कोणत्या घरातला, एवढंच शब्दावरून ओळखायचं होतं. आपला ‘गावंढळ’ हा शेराही हेच काम करतो.

पुरावा जिभेवरच आहे. ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्याला आपण अशुद्ध ठरवतो. हिंदीतला तोच ‘पानी’ आपल्याच कानांना मुळीच खटकत नाही. तेव्हा दोष ‘न’चा नाही. एकोणिसाव्या शतकात शाळा, कोश आणि छापखाने उभे राहिले, तेव्हा पुण्याच्या शिकलेल्या वर्गाची बोली प्रमाण ठरली आणि शेजारच्या भोसरी-चिखलीची चुकीची. लेखनाला प्रमाणभाषा हवी, हे मला पूर्ण मान्य आहे. मुलांना ‘पाणी’ लिहायला शिकवलंच पाहिजे. पण नवा उच्चार देताना आजीच्या उच्चाराची लाज द्यावी लागत नाही, आणि आपण ती देत आलो.

मोशी-पिंपरीच्या या पट्ट्यात तर गाव शहराच्या आधीचं आहे. पिंपरीत 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, 1982 मध्ये महानगरपालिका; 1997 मध्ये मोशी, चिखली, वाकड ही गावं हद्दीत आली. एकरांत मोजलं जाणारं बाजरीचं रान गुंठ्यांवर आलं. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट, एका मध्यम सदनिकेएवढी जागा. ती विकून हाती पैसा आलेल्याला शहराने ‘गुंठामंत्री’ हे नाव दिलं. गळ्यातली जाड साखळी, पांढरी मोठी गाडी, चौकातला फ्लेक्स, यांवर हसणं सोपं झालं. पण सोनं ही शेतकऱ्याच्या घरातली पिढ्यान्‌पिढ्यांची ठेव होती, दुष्काळात मोडता येणारी, बँकेत खातं नसलं तरी चालणारी. ज्याची ओळख जमिनीवरून होती त्याची जमीन गेली, की ती ओळख अंगावर घालावीशी वाटते. या दिखाव्यात मला उर्मटपणापेक्षा उखडलेपण जास्त दिसतं. त्याच जमिनीवरच्या इमारतीत बाराव्या मजल्यावर कुणी इटालियन संगमरवर बसवला, तर ती अभिरुची ठरते.

कुणी म्हणेल, डॉल्बीने छाती दडपते, वरातीने रस्ता अडतो, हे सोसायचं का? मुळीच नाही. निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही 2000 सालच्या नियमांतली मर्यादा आहे; ती मोडणाऱ्यावर कारवाई व्हावी. पण आवाज भोसरीच्या वरातीचा की मोठ्या हॉटेलच्या हिरवळीवरचा, हे यंत्राला कळत नाही. आपल्याला कळतं, आणि असंस्कृत आपण पहिल्यालाच म्हणतो. बापाच्या वयाच्या कंत्राटी कामगाराला ‘ए’ म्हणून हाक मारणारा साहेब खरा असभ्य. त्याला कुणी गावंढळ म्हणत नाही.

तुकोबांचं देहू याच पट्ट्यात, तळवड्याच्या कारखान्यांना लागून आहे. शेताची, दुकानाची, घरातल्या भांडणाची भाषा त्यांनी देवापुढे नेली, आणि मराठीने ती आपली सर्वांत मोठी वाणी मानली. दरवर्षी आषाढीआधी त्यांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते. सोसायट्यांमधली माणसं रस्त्यावर उतरतात, ‘पानी द्या माउली’ म्हणणाऱ्या म्हाताऱ्यापुढे वाकून तांब्या धरतात. त्या संध्याकाळी तो ‘न’ कुणाच्याच कानाला खुपत नाही.