पाळण्यातले पाय

दिवाळीपूर्वीची साफसफाई हा आमच्या घरातील एक संस्कारच आहे. नवरात्र संपले की सौ. कंबर कसते आणि मी 'उत्तरपत्रिका तपासावयाच्या आहेत' असे जाहीर करून आतल्या खोलीत जाऊन बसतो. यंदा मात्र ही युक्ती चालली नाही. माळ्यावरची जुनी लोखंडी ट्रंक खाली काढावयाची होती आणि त्या कामाला घरात मी एकटाच हाताशी होतो. आमचे चिरंजीव, वय वर्षे तेरा, इयत्ता आठवी, हेही घरातच होते. पण आठ दिवस झाले, ते माझ्याशी बोलत नव्हते. त्याचे कारण पुढे येईलच.

ट्रंक उघडली तशी आई पाट घेऊन तिच्याजवळ बसली. एकेक वस्तू बाहेर येऊ लागली. दुपटी निघाली, कुंची निघाली, आणि अगदी तळाशी रुमालात बांधलेले एक टोपडे व लोकरीच्या पायमोज्यांचा जोड निघाला. टोपडे चिरंजीवांच्या बारशासाठी आईने स्वतः शिवलेले, मोजे सौ.च्या बहिणीने विणलेले. मी एक मोजा हातात घेतला. तो माझ्या मधल्या बोटाएवढा होता. आदल्याच आठवड्यात चिरंजीवांना आठ नंबरचे बूट घ्यावे लागले होते. माझा स्वतःचा नंबर सात.

टोपड्याकडे पाहून मात्र मला तसे आश्चर्य वाटले नाही. ते लहान होते, पण इतके काही लहान नव्हते. आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप घेऊन मी त्याचा घेर मोजला. पंधरा इंच भरला. मग खुंटीवरची चिरंजीवांची क्रिकेटची टोपी मोजली. साडेएकवीस! म्हणजे तेरा वर्षांत डोके दीडपटही झाले नाही, आणि पाय मात्र तिपटीच्या वर गेले.

माझ्यातला मराठीचा प्राध्यापक अशा वेळी स्वस्थ बसत नाही. मला आपली म्हण आठवली : मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. आजवर मी ती वर्गात शेकडो वेळा समजावून सांगितली असेल. आता हातात टेप घेऊन विचार केला, तेव्हा वाटले की शब्दशः घेतली तर ही म्हण साफ खोटी आहे. पाळण्यात दिसते ते डोके. पायांचा पत्ता पुष्कळ पुढे लागतो.

महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकविणारे माझे एक सहकारी आहेत. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी त्यांना माझा हा शोध सांगितला. ते हसले आणि म्हणाले, "सर, तुम्ही टोपडं मोजून जे काढलंत, ते आमच्या पुस्तकांत पहिल्याच पानांवर असतं." मग त्यांनी एका जुन्या प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर मला बाळाचे आणि बाप्याचे अशी दोन चित्रे काढून दाखविली.

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची लांबी सुमारे पन्नास सेंटिमीटर असते आणि तिचा जवळजवळ पाव हिस्सा नुसते डोके असते. गर्भ दोन महिन्यांचा असताना तर निम्मी लांबी डोक्याचीच असते. मोठ्या माणसात हेच डोके उंचीच्या सातव्या-आठव्या हिश्शावर येते. जन्मापासून वाढ पुरी होईपर्यंत डोके साधारण दुप्पट उंच होते, धड तिप्पट, हात चौपट आणि पाय पाचपट. बाळाच्या उंचीचा मध्य काढला तर तो बेंबीच्या आसपास येतो. मोठ्या माणसाचा मध्य पार जांघेपर्यंत खाली उतरलेला असतो. डोळ्यांचेही तसेच. जन्मतः डोळ्याची पुढून मागेपर्यंतची लांबी सुमारे सतरा मिलिमीटर असते आणि मोठेपणी चोवीस. म्हणजे दोन-तृतीयांशांहून अधिक डोळा घेऊनच मूल जगात येते. तान्ह्या मुलाचा चेहरा सगळा डोळ्यांचाच बनलेला दिसतो, तो यामुळे.

आपण वाढ म्हणजे फुगा फुगावा तशी समजतो. सगळे अवयव सारख्या प्रमाणात मोठे होत गेले, की झाला माणूस. प्रत्यक्षात लग्नाच्या वऱ्हाडासारखा प्रकार असतो. कुणी आदल्या दिवशीच येऊन हॉलमध्ये पथारी टाकतो, कुणी मुहूर्ताला पोचतो, आणि पाय बिचारे पंगत उठण्याच्या सुमाराला धापा टाकीत येतात.

त्यांचे बोलणे ऐकताना मला आमच्या गावची शाळा आठवली. सातारा जिल्ह्यातले लहानसे गाव. तिथे जन्मतारखेचा दाखला कुणाजवळ नसे. जूनमध्ये नाव घालायला नेले की गुरुजी मुलाला समोर उभे करीत आणि सांगत, "उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान धर." हात कानाला लागला तर पहिलीत प्रवेश, नाही लागला तर, "पुढच्या वर्षी आणा." पहिल्या वर्षी माझा हात कानाच्या वरच दोन बोटे थांबला. शेजारच्या मुलाचा लागला. मी मान वाकडी करून पाहिली, तीही गुरुजींनी सरळ केली. घरी येईपर्यंत मी रडत होतो. आई म्हणाली, "अरे, हात काही कुठं पळून जात नाही. येईल की कानापर्यंत." ते वर्षभर मी रोज सकाळी विहिरीवर कान धरून पाहत असे. पुढच्या जूनमध्ये हात लागला आणि माझी जन्मतारीख एक जून अशी नोंदली गेली. महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली माणसे इतकी का, याचे रहस्य असे शाळांच्या दाखल्यांत आहे.

आता माझ्या ध्यानात आले की त्या गुरुजींची परीक्षा अगदीच काही वेडगळ नव्हती. तान्ह्या मुलाने दोन्ही हात वर केले तर ते जेमतेम टाळूच्या वर जातात. सहाव्या-सातव्या वर्षापर्यंत डोक्याची वाढ बहुतेक उरकलेली असते. हात मात्र लांबतच असतात. म्हणून त्या सुमाराला ते डोके ओलांडून पलीकडच्या कानाला भेटतात. फक्त सर्वांचे हात एकाच जूनला तिथे पोचत नाहीत, एवढेच गुरुजी विसरत.

आमच्या शिल्पकारांना ही गोष्ट ठाऊक होती. भारतीय शिल्पातील शरीररचनेवर अवनींद्रनाथ टागोरांनी लिहिलेला निबंध १९१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी जुन्या शास्त्रातील मापे दिली आहेत. ताल म्हणजे साधारण चेहऱ्याएवढे माप. नरमूर्ती दहा ताल, कुमारमूर्ती सहा ताल आणि बालमूर्ती पाच ताल. मूर्तिकाराने मोठ्या माणसाची मूर्ती तेवढीच लहान करून तिला बाळकृष्ण म्हणावे, हे शास्त्राला मंजूर नाही. बालकाचे प्रमाणच वेगळे. आमच्या देवघरातील रांगता बाळकृष्ण मी त्या संध्याकाळी निरखून पाहिला. मोठे डोके, आखूड पाय. कोण्या तांबटाने तो घडविला असेल कोण जाणे. पण मूल म्हणजे लहान मापाचा बाप्या नव्हे, हे त्याला माझ्यापेक्षा चांगले कळत होते.

माझ्यापेक्षा असे म्हणतो, त्याला कारण आहे. ते आठ दिवसांपूर्वीचे प्रकरण आता सांगतो.

आमच्याकडे लोणच्याची एक चिनी मातीची बरणी होती. आईने ती गावाहून आणलेली. माझ्या मुंजीचे लोणचे त्याच बरणीत घातले होते. त्या दिवशी घरी पाहुणे होते. चिरंजीव ओट्याजवळून वळले, त्यांचे कोपर बरणीला लागले, आणि लिंबाच्या लोणच्यासकट बरणी फरशीवर आली. मी बाहेरून धावत आलो आणि पाहुण्यांच्या देखत ओरडलो, "घोड्याएवढा झालास, अजून हातपाय सांभाळता येत नाहीत? अक्कल कधी येणार तुला?" तो एवढेच म्हणाला, "बाबा, हात तिथं पोचला कसा, तेच मला कळलं नाही." ही मला सबब वाटली. मी आणखी बोललो. पाहुणे चहा अर्धा टाकून उठले. त्या दिवसापासून तो माझ्याशी अबोल झाला.

हे मी त्या सहकाऱ्यांना सांगितले नव्हते. पण चित्राखाली बाण काढीत ते सहज बोलून गेले, "या तेरा-चौदाच्या वयात तर उलटाच क्रम लागतो बरं का. आधी पाऊल आणि पंजा वाढतात, मग पाय आणि हात, आणि सगळ्यात शेवटी धड. पोरं बिचारी वर्षभर आपल्याच हातापायांना अडखळतात. कालचा हात आज तेवढ्याच लांबीचा राहिलेला नसतो." मी विचारले, "आणि अक्कल?" ते म्हणाले, "मेंदूचं आकारमान सहाव्या वर्षापर्यंत नव्वद टक्क्यांच्या आसपास जातं. पण कपाळामागचा जो भाग मागचापुढचा विचार करतो, तो पिकायला पंचविशी उजाडते."

माझा चहा निवला. 'हात तिथं पोचला कसा, तेच मला कळलं नाही.' मुलाने मला सबब सांगितली नव्हती. जे घडले ते जसेच्या तसे सांगितले होते. त्याचा हात खरोखरच त्याला न कळवता लांब झाला होता. आणि मी त्याच्या बुटाच्या नंबरावरून त्याच्या अकलेचे माप काढीत होतो. गुरुजींनी निदान माझ्या हाताची तुलना माझ्याच डोक्याशी केली होती. शिवाय 'पुढच्या वर्षी आणा' असे म्हणण्याची सवड त्यांच्याजवळ होती. माझ्याजवळ तीही नव्हती.

घरी गेलो. तो खिडकीशी अभ्यास करीत बसला होता. माफी मागण्याची सवय आम्हां बापमंडळींना नसते. वाक्य कसे सुरू करावे हेच कळेना. शेवटी टेप पुढे करून म्हणालो, "जरा माप धरतोस? आजीला मोजायचं आहे." तो काही न बोलता उठला.

आईला भिंतीशी उभे केले. चार फूट दहा इंच. मग तिला दोन्ही हात पसरायला सांगितले आणि या बोटापासून त्या बोटापर्यंत वाव मोजली. पाच फूट! "दोन इंच कुठं गेले आजी?" त्याने विचारले. मी त्याला सहकाऱ्यांकडून कळलेले सांगितले. तान्हेपणी वाव उंचीहून किंचित कमी असते, दहाव्या वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखी होतात आणि मोठेपणी वाव थोडी जास्त भरते. पुढे म्हातारपणी पाठीच्या मणक्यांमधल्या चकत्या दबतात, मणकेही खचतात, त्यामुळे उंची घटते. हातांची हाडे मात्र होती तेवढीच राहतात. म्हणून माणूस तरुणपणी किती उंच होता याचा अंदाज डॉक्टर वावेवरून करतात.

"म्हणजे मी एके काळी याच्यापेक्षा उंच होते म्हणायची," आई म्हणाली. आता ती त्याच्या खांद्याशी येते.

तेवढ्यात मी म्हणालो, "त्या दिवशी माझं चुकलं. तू खरं सांगत होतास." त्याने माझ्याकडे पाहिले नाही. टेप गुंडाळीत तो म्हणाला, "मला वाटलं, तुम्हाला बरणीच जास्त आवडते." हे ऐकून मला काय वाटले ते लिहिणे कठीण आहे. मी फक्त त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यासाठी हात बराच वर न्यावा लागला.

मग मी त्याला गावच्या शाळेची ती गोष्ट सांगितली. त्याने लगेच डोक्यावरून हात नेऊन कान धरला. कान धरूनही पंजा पुष्कळ उरला. मीही धरला. "आता आजी," तो म्हणाला. आईने हात उचलला. पण तिचा खांदा दोन वर्षांपासून धरला आहे. हात डोक्यापर्यंत गेला आणि तिथेच थांबला.

"मला आता बिगरीतसुद्धा घेणार नाहीत रे," ती हसत म्हणाली.

तो तिच्यामागे जाऊन उभा राहिला. आपल्या लांबलचक हाताने तिचे मनगट धरून त्याने ते हळूहळू, तिला दुखणार नाही इतक्या बेताने वर नेले आणि तिची बोटे पलीकडच्या कानाला टेकविली. "घेतलं तुला पहिलीत," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बाजारात जाऊन नवी बरणी घेऊन आलो. येताना ती त्यानेच धरली होती, दोन्ही हातांनी. मी मध्येच म्हणालो, "दे माझ्याकडे, दमशील." तो म्हणाला, "असू दे बाबा, पोचतात माझे हात."